मी दिलेला दाखला

माझ्या नातवंडांनो,

हे मी मराठीत लिहिते आहे, त्यामुळे तुम्हाला वाचायला वेळ लागेल. थोरलीला अक्षरं येतात. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मीच ती शिकवली. जोडाक्षरांवर ती अजून अडखळते, पण थांबत नाही. धाकट्याला तिने वाचून दाखवावं. मला इंग्रजी चांगलं येतं. मालवणजवळच्या एका शाळेत मी पस्तीस वर्षं तेच शिकवलं. पण इंग्रजीत मी स्वतःबद्दल फार नीटनेटकं लिहिते आणि त्या नीटनेटकेपणात माझ्या चुका झाकल्या जातात. शिवाय जी चूक तुम्हाला सांगायची आहे, ती मी इंग्रजीतच केली.

गेल्या वर्षी तुम्ही अकरा आठवडे अनोळखी माणसांच्या घरी राहिलात. तुमच्या आईला तुम्हाला सांभाळता आलं नाही म्हणून तसं झालं, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल. इथे तर आपल्या नात्यातली माणसं उघड तसं बोलतात. ते खरं नाही. त्यात माझा हात होता. ज्या कार्यालयाने तुम्हाला तिथे ठेवलं, तिकडच्या त्याच कार्यालयाने आता माझ्याकडे तुमच्या आईबद्दल एक पत्र मागितलं आहे. त्या पत्रावरून काही अंशी ठरणार आहे की तिला मिळणारी मदत चालू राहील की बंद होईल आणि तुम्ही तिच्यापाशीच राहाल की नाही. या टेबलावर त्या पत्राचे सात कच्चे खर्डे पडले आहेत. आठवा लिहिण्याआधी तुम्हाला सगळं सांगून टाकते. क्रमाने सांगते, तशी माझी सवयच आहे.

तुमचा बाबा गेला तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. सकाळी कामावर गेला आणि त्याचं हृदय बंद पडलं. तुमच्या आईचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. काय झालं, किती वाजता, कोणत्या हॉस्पिटलात, हे सगळं तिने एकामागून एक सांगितलं आणि मग, आम्ही दोघी बोलतो त्या इंग्रजीतच, मला विचारलं, ‘आई, तुमच्याजवळ आता कोण आहे?’ मी सगळ्यांना सांगत सुटले, माझी सून किती धीराची आहे बघा. तिच्याजवळ तेव्हा कोण होतं, हे मी विचारलं नाही.

दीड वर्षाने, दिवाळी झाल्यावर, ती तुम्हाला घेऊन इकडे आली. बाबाची राख तिने एका निळ्या डब्यात आणली होती. विमानात तो डबा तिने खाली ठेवलाच नाही, पूर्ण प्रवासभर मांडीवर धरला. पिंगुळी मागे टाकून गाडी कुडाळकडे वळली तेव्हा धाकटा तिच्या खांद्यावर झोपला होता, थोरली माझ्या मांडीवर, आणि डबा तरीही तिच्याच हातात. मी म्हटलं, ‘दे माझ्याकडे.’ तिने दिला. मग दोन मिनिटांत ती बसल्या बसल्या झोपली. कुडाळपासून घरापर्यंत खड्ड्यांचा रस्ता, पण तिला जाग आली नाही. हे मी पाहिलं होतं. पाहूनही मला काही सुचलं नाही.

पहिल्याच दिवशी अर्धी वाडी आमच्या पडवीत जमली. तुमची आई बस चालवते हे सगळ्यांना आधीच कळलं होतं. शेजारची काकी, जी तुम्हाला रोज गुळाचं खाजं आणून द्यायची, तिने मला विचारलं, ‘बाई, ही एस्टी चालवता म्हणतत तां खरां?’

‘शहरातली बस. दोन मजल्यांची.’

‘दोन मजल्यांची? मगे वरच्याक ड्रायव्हर वायलो आसता?’

वरच्या मजल्याला वेगळा ड्रायव्हर, या कल्पनेला सगळे हसले, मीही हसले. तुमच्या आईने काय विनोद झाला ते विचारलं. मी सांगितल्यावर तीही हसली आणि काकीला हाताने दाखवू लागली की स्टिअरिंग एवढं मोठं असतं. काकीने तिच्या वेण्यांना हात लावून बघितला. तुमच्या आईने मान थोडी पुढे केली, जणू तो हात तिला अपेक्षितच होता. त्या पंधरा दिवसांत तिच्या वेण्यांना किती हात लागले, मी मोजले नाहीत. मी एकदाही कुणाला नको म्हटलं नाही.

आता जे लिहिणार आहे ते मला लिहावंसं वाटत नाही. पण तुम्ही तुमच्या आईच्याच रंगाची मुलं आहात आणि पुन्हा इथे आलात तर हे शब्द तुमच्या कानावर येतील. तुमच्या आईचे आईवडील आफ्रिकेतून आलेले. इथे लोक तिच्या पाठीमागे तिला हबशीण म्हणत. मराठीत हा शब्द तुच्छतेनेच वापरतात. मी तो शाळेत कधी चालू दिला नाही. घरात चालू दिला.

माझे दीर, म्हणजे तुमचे चुलत आजोबा, चहा पिता पिता म्हणाले, ‘वयनी, तुमी उगीच काळजी करतास. त्येंच्यात घोव टिकतच नाय. एकट्यान पोरां वाढवची तेंका सवयच आसता.’

माझा मुलगा तिला टाकून गेला नव्हता, तो मेला होता. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.

‘आनी अंगान बघ कशी आसा,’ काकी म्हणाली. ‘तिका काय होना नाय. त्येंचां रगातच वायलां. आमची कोण असती तर कदीच आडवी झाली असती.’

दुसऱ्या दिवशी तुमची आई सकाळी दहा वाजेपर्यंत उठली नाही. तीच काकी दारात येऊन बघून गेली. ‘अजून निजली हा? सुस्त दिसता मां जराशी.’ आणि संध्याकाळी, झोपलेल्या धाकट्याला एका खांद्यावर आणि थोरलीला पाठुंगळी घेऊन तुमची आई किनाऱ्यावरून चढण चढून आली, तेव्हा काकीच म्हणाली, ‘वाघीण गो ती.’ एकाच बाईला सकाळी सुस्त आणि संध्याकाळी वाघीण. यात काही विसंगत आहे, असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. दोन्ही गोष्टींचा फायदा एकच होता. दोन्हींत आम्हाला काही करावं लागत नव्हतं.

दहाव्या दिवशी दुपारी मी मांगरात गेले. मांगर म्हणजे आपल्या परसातलं ते कौलारू खोपट, जिथे नारळ आणि सुकी लाकडं ठेवतो आणि जिथे धाकटा लपायचा. तुमची आई तिथे जमिनीवर बसलेली होती, पाठ भिंतीला, पाय पुढे पसरलेले. शेजारी घासायला घेतलेली भांडी, हातात काथ्याचा चोथा आणि तोंड उघडं. ती झोपली होती. भांडी घासता घासता झोपलेलं माणूस मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या पावलांनी ती जागी झाली. तिने तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘आई, मला तुमच्याकडे काही मागायचं होतं.’

मी म्हटलं, ‘आधी आत जाऊन नीट झोप. मग बोलू.’

‘नाही. झोपले की धीर होत नाही. आत्ताच बोलते.’

आणि ती बोलण्याआधी मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खरंच प्रेमाने ठेवला. म्हटलं, ‘तू किती खंबीर आहेस. तुझ्याकडे बघून मला जगावंसं वाटतं.’

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘थँक यू, आई.’ आणि उरलेली भांडी घासली. मी घरात आले ती समाधानाने. आपण सुनेला काहीतरी चांगलं दिलं असं मला वाटत होतं.

तिला काय मागायचं होतं ते मला आता माहीत आहे. मी सहा महिने तिकडे येऊन राहावं, एवढंच. तिची पहिली पाळी पहाटे पाचला सुरू व्हायची. त्या वेळी ती तुम्हाला खालच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईकडे झोपेतच नेऊन ठेवायची. ती बाई दुसऱ्या गावी राहायला जाणार होती.

बाबाची राख खाडीत सोडली आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी, आपण ग्रामदेवतेच्या देवळात गेलो. थोरलीला ते आठवत असेल, कारण ती नंतर कितीतरी दिवस फोनवर ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची. आपल्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. घरातलं वडीलधारं माणूस किंवा गावचा मानकरी नारळ ठेवून देवाला मोठ्याने सांगतो की या घरावर काय संकट आहे आणि काय हवं आहे, आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. त्यात आडपडदा नसतो. कुणाला मूल होत नाही, कुणाचा मुलगा पितो, कुणाला नोकरी नाही, सगळं सगळ्यांसमोर.

आपल्या भावकीतले सर्वांत थोरले आजोबा गाऱ्हाणं घालत होते. ‘बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां समुद्रापलीकडसून येवन तुझ्या पायाकडे उबी आसत.’ व्हय म्हाराजा. ‘त्येंचो बापूस काल खाडीत मिसळलो, तेका तू जाग्यार लाव.’ व्हय म्हाराजा.

तुमच्या आईने माझ्या कानाशी विचारलं, ते काय म्हणताहेत. मी सांगितलं.

‘इथे असं सगळ्यांसमोर मागतात? मोठ्याने?’

‘हो.’

‘आणि कुणी नाव ठेवत नाही?’

‘त्यात नाव काय ठेवायचं? मागायलाच तर येतात.’

मग आजोबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ‘सुनेचां काय मागणां आसा गो? तेचांय घालतंय.’

नुसतं तिला विचारायचं होतं. ती माझ्या शेजारीच उभी होती, वीतभर अंतरावर. पण सगळी भावकी बघत होती, माझे दीर होते, काकी होती. माझी सून देवापुढे दुबळी दिसावी असं मला वाटलं नाही. इतके दिवस ज्यांनी तिला नाही नाही ते म्हटलं, त्यांच्यासमोर तिची मान ताठ राहावी, असं वाटलं.

‘तिचां कायएक नाय,’ मी म्हटलं. ‘ती खंबीर आसा. पोरांपुरतां घाला.’

आजोबांनी जोडलेले हात सोडले. ‘कायएक नाय? माणसाचां कायतरी आसताच गो.’

‘तुमी घाला.’

त्यांनी घातलं. बाहेर चपला घालताना तुमच्या आईने विचारलं, ‘त्यांनी माझ्याकडे बघून काय विचारलं?’

मी म्हटलं, ‘सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. मी हो म्हणून सांगितलं.’

हे खोटं होतं. मला ते तेव्हा खोटं वाटलं नाही, इतकंच.

आणि मला खरं तर कळायला हवं होतं. तुमचे सख्खे आजोबा, म्हणजे माझे यजमान, जहाजावर होते. वर्षातले नऊ महिने ते नसत. तुमचा बाबा आणि त्याची बहीण, जी पुढे तापाने गेली, ही दोन मुलं, सासूचं आजारपण आणि शाळा, हे मी एकटीने ओढलं. लोक मलाही खंबीर म्हणायचे. शाळेच्या वार्षिक समारंभात पाहुणे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले होते, बघा, बाई असावी तर अशी. टाळ्या झाल्या. त्यानंतर मी शाळेतल्या नकाशांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि गुंडाळलेल्या नकाशांमागे खाली बसले. तास सुरू झाल्याची घंटा होईपर्यंत मी तिथे बसून रडले. मुलगी जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. एखाद्या माणसाने तरी येऊन ‘बाई, आज तुमचा वर्ग मी घेतो’ असं म्हणावं, असं मला फार वाटलं होतं. टाळ्या वाजवल्यावर कुणाला तसं म्हणायचं कारणच उरत नाही.

इतकं माहीत असून मी तुमच्या आईसाठी टाळ्या वाजवल्या. वयाने माणूस शहाणं होतं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

तुम्ही परत गेल्यावर काही महिन्यांनी दुपारी चारच्या सुमारास फोन आला. परदेशातला नंबर. एक तरुण, नम्र बाई बोलत होती. ती तुमच्या शहरात मुलांच्या कल्याणाचं काम पाहणाऱ्या कार्यालयातली होती. शाळेने कळवलं होतं की मुलं बरेचदा उशिरा येतात आणि वर्गात झोपतात. तिला कुटुंबातल्या कुणाशी तरी बोलायचं होतं आणि तुमच्या आईने माझा नंबर दिला होता.

तिकडे आई कमी पडते असं वाटलं तर मुलं काढून नेतात, हे मी टीव्हीवर पाहिलं होतं. कुणीतरी तक्रार केली असणार, असं मी गृहीत धरलं. तुमच्या आईच्या रंगाकडे बघून केली असणार, असंही. मी ताठ बसले. फोनवर बोलतानाही मी ताठ बसते.

तिने विचारलं, तुमच्या सुनेला एकटीने झेपतं आहे असं तुम्हाला वाटतं का?

आयुष्यात मी शेकडो मुलांना वर्तणुकीचे दाखले लिहून दिले. नोकरीसाठी, पुढच्या शिक्षणासाठी, एकदा तर कोर्टासाठीही. ती वाक्यं मला पाठ होती. तशाच चालीवर मी बोलले. मराठीत ते असं होईल: माझी सून अत्यंत कणखर स्त्री आहे. पतीच्या मृत्यूनंतर तिने कुणाचीही मदत न घेता मुलांना वाढवलं आहे. मी तिला कधीही खचलेलं पाहिलेलं नाही. तिला कुणाच्याही साहाय्याची गरज नाही, याची मी ग्वाही देते.

ती बाई म्हणाली, हे ऐकून खूप दिलासा वाटला. तिने माझे आभार मानले. फोन ठेवून मी देवापुढे साखर ठेवली. तुम्हाला वाचवलं, असं मला वाटत होतं.

तक्रार कुणी केली नव्हती. शाळेचं पत्र आल्यावर तुमची आई स्वतः त्या कार्यालयात गेली होती आणि तिने पहाटेच्या वेळी मुलांपाशी थांबायला कुणीतरी मिळावं म्हणून अर्ज केला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाकडे तरी काही मागितलं होतं. अर्जाच्या कागदावर, कुटुंबातलं कोण तुमच्या परिस्थितीबद्दल सांगू शकेल, या रकान्यात तिने माझं नाव लिहिलं होतं. मी मांगरात तिला पाहिलं होतं, म्हणून.

त्यांनी अर्ज मागे ठेवला. त्यांच्याकडे आणखी गरजू लोक होतेच.

त्यानंतर सात आठवड्यांनी तुमची आई सकाळची फेरी संपवून डेपोत आली, बस जागेवर लावली, पायऱ्या उतरली आणि खाली पडली. तीन आठवडे न्यूमोनिया अंगावर काढून ती बस चालवत होती. रस्त्यात पडली नाही, याबद्दल सगळे देवाचे आभार मानतात. मी मानत नाही. ती पडली, तेवढं मला पुरे आहे.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही दोघं फाटकापाशी उभे राहिलात. थोरलीने मला एकदा सांगितलं आहे की तिने धाकट्याचे बूट तीनदा सोडून तीनदा बांधले, कारण त्याला काहीतरी काम दिल्याशिवाय तो रडायचा थांबत नव्हता. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिलाही कुणीतरी तू किती शूर आहेस म्हणालं असेल. म्हणालं असेल तर बाळा, त्यांना सांग की मला भीती वाटली होती.

मला कळलं ते दोन दिवसांनी. कार्यालयाने सांगितलं, घरचं कुणी मोठं माणूस येऊन राहिलं तर मुलं स्वतःच्या घरीच राहू शकतील. माझ्या पासपोर्टची मुदत चार वर्षांपूर्वी संपली होती. सगळ्या कागदांची फाईल लावणारी मी, पण पासपोर्ट बघायचं कारणच पडलं नव्हतं. मी कचेऱ्यांमध्ये जाऊन बसू लागले. माझ्या नावाचं स्पेलिंग एका कागदावर एक होतं, दुसऱ्यावर दुसरं. रोज कुणीतरी मला बसायला खुर्ची द्यायचं आणि उद्या या म्हणायचं. एकदा मी काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, माझी नातवंडं अनोळखी घरात आहेत. तो म्हणाला, ‘आजी, तुम्ही शांत व्हा, पाणी घ्या.’ मी शांतच होते. तोच माझा दोष होता.

घरी दीर येऊन बसले होते. ‘सांगलंय होतंय मी. त्येंका जमाचा नाय.’

‘तुमी सांगललास, तेंका सवय आसता,’ मी म्हटलं.

‘तां वायलां.’

‘काय वायलां?’

काकी मध्येच म्हणाली, ‘वाघीण म्हणान सोडून दिलां आमी तिका.’ आणि पदर डोळ्यांना लावला. मला तिचा राग आला, कारण ती खरं बोलली होती.

नवव्या आठवड्यात तुमच्या आईचा फोन आला. आवाज खरखरीत झाला होता. मी रडायला लागले, माफी मागू लागले की मला यायला जमत नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘आई, तुम्ही काय सांगितलं ते त्यांनी मला वाचून दाखवलं.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘तुम्ही म्हणालात, मला कधी खचलेलं पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं होतं. मी भांडी घासता घासता झोपले होते. तुम्ही दारात उभ्या होतात.’

‘मला वाटलं, ते मुलांना नेतील.’

‘नेलीच,’ ती म्हणाली. ती खोकली, मग म्हणाली, ‘लहानपणापासून सगळे मला हेच सांगतात. शाळेत, डेपोत, हॉस्पिटलातसुद्धा. मला दुखतंय म्हटलं तरी नर्स म्हणाली, तुम्ही सहन करू शकाल. तुमच्याकडून मला तेच नको होतं.’

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. तुम्ही घरी परत आलात, रविवारचे कॉल सुरू झाले. ते तिने बंद केले नाहीत. पडद्याच्या कडेला कधी तिचा हात दिसतो, तुमच्यापुढे बशी ठेवणारा. मी त्या हाताकडे बघत असते. ‘आईला सांगा’ असं म्हणते आणि पुढे काय सांगा ते सुचत नाही.

आता ते पत्र. तुम्ही परत आल्यापासून कामाच्या दिवशी पहाटे एक बाई घरी येते आणि तुम्हाला शाळेत पोहोचवून जाते. ती मदत चालू ठेवायची का आणि मुलं या घरात सुरक्षित आहेत का, याचा फेरविचार होणार आहे. मी पुन्हा लिहिलं की सून कणखर आहे, तर मदत बंद होईल. मी लिहिलं की ती थकली आहे, तर तिला जमत नाही असा अर्थ लावून ते तुम्हाला पुन्हा नेतील. गोऱ्या आईबद्दल कुणी थकली म्हटलं तर लोक तिला खुर्ची देतात. तुमच्या आईबद्दल म्हटलं तर काय करतील, याची मला खात्री नाही. सात खर्डे मी यातच घालवले. पस्तीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं आणि मला एक पत्र लिहिता येईना.

तुम्हाला हे लिहायला बसले त्याला तीन दिवस झाले. आठवा खर्डा मी काल लिहिला. त्यात मत दिलं नाही. जे पाहिलं ते लिहिलं. गाडीत ती कशी झोपली. मांगरात कशी झोपली. तिने माझ्याकडे काय मागायचा प्रयत्न केला आणि मी कसं मागू दिलं नाही. देवळात मी तिच्या वतीने कसं खोटं बोलले. फोनवर दिलेली ग्वाही खोटी होती आणि ती मी मागे घेते आहे, असं स्पष्ट लिहिलं. तिने मदत मागितली होती, आणि मुलांची काळजी घेणारी आई यापेक्षा वेगळं काय करते, असंही लिहिलं. थकलेली हा शब्द तीनदा आला. खंबीर एकदाही नाही.

मग मला भान आलं की हे पुन्हा तिला न विचारता होतं आहे. मी पत्र फोनवर मोठ्याने वाचलं, रेकॉर्ड केलं आणि तिला पाठवलं. खाली इतकंच लिहिलं: हे पाठवू का? यात काय राहिलं?

निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही. संध्याकाळी मी देवळात गेले. थोरल्या आजोबांना आता दिसत नाही, पण ते देवळाच्या पायरीवर बसलेले असतात. मी म्हटलं, माझं एक गाऱ्हाणं घाला. ते म्हणाले, ‘तूच घाल. तोंड आसा मां तुका?’ बाईने घालायची इथे रीत नाही. मी घातलं. मागच्या वेळी सुनेचं मागणं मी गिळलं, ते आज सांगते, असं म्हटलं. तिला झोप हवी आहे. तिला कुणीतरी सोबत हवं आहे. वाक्यं नीट जुळली नाहीत. दुजोऱ्याला आजोबांखेरीज फक्त काकी होती, माझ्यामागून आलेली. तिने प्रत्येक वेळी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. त्याने काही होईल असं मला वाटत नाही. मोठ्याने म्हणायचं राहिलं होतं, ते म्हटलं.

आज सकाळी तुमच्या आईचा मेसेज आला. एकच ओळ. ‘रविवारची सकाळही लिहा. त्या दिवशी कुणी येत नाही.’

मी ते लिहिलं. पत्र गेलं. निर्णय कधी येईल ते मला माहीत नाही आणि काय येईल तेही नाही. तो वाईट आला, तर हे कागद जपून ठेवा आणि मोठे झालात की पुन्हा वाचा. पासपोर्ट आता माझ्याकडे आहे, व्हिसाचे कागद दिले आहेत. मला बोलावलं जाईल का, हे विचारायचा हक्क मला नाही.

एक गोष्ट मात्र मी आजपासून करणार आहे. रविवार हा तुमच्या आईच्या सुट्टीचा दिवस, म्हणून त्या दिवशी तुमच्याकडे अकरा वाजल्याखेरीज मी फोन करणार नाही. त्याआधी तुम्हाला जाग आली तर थोरलीने दूध गरम करू नये, थंडच प्यावं. टीव्हीचा आवाज बंद ठेवा. आणि आईच्या खोलीचं दार हळू लावा.

तुमची आजी